कुणी बाळंतपणाला आलंय का?

नाथा मढवी गटारं साफ करतो. छोट्या टेंपोवर बसवलेलं मशीन, पाण्याची टाकी, जाड काळ्या नळीचं वेटोळं आणि त्या नळीच्या तोंडाशी अंगठ्याएवढं पितळी नोझल, एवढा त्याचा पसारा. चेंबरचं झाकण उघडायचं, नळी पायपात सोडायची, मशीन चालू करायचं. पाण्याच्या जोरानं आतला गाळ कापला जातो आणि पुढे वाहून जातो. ठाण्यात आता हे काम करणारे पुष्कळ झालेत. पण काम सुरू करायच्या आधी दारोदार जाऊन "या बिल्डिंगमध्ये कुणी पोरगी बाळंतपणाला आलीय का?" असं विचारणारा माझ्या माहितीत हा एकटाच.

लोकांना हा प्रश्न आवडत नाही, आणि का आवडावा? गटारवाल्याला आमच्या लेकीच्या पोटाशी काय कर्तव्य? पाचपाखाडीत एका बाईंनी तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. एका ठिकाणी वॉचमननं त्याला चोर समजून बसवून ठेवलं. नाथा सगळं खाली मान घालून ऐकून घेतो आणि पुढच्या दाराची बेल दाबतो. कुणी "हो, आलीय" म्हणालं, तर त्या दिवशी मशीन टेंपोवरच राहतं. मग तो बांबूच्या लांब कामट्या काढतो आणि तासाभराचं काम दोन दिवस हातानं करत बसतो.

हा प्रश्न त्याला कुठून चिकटला ते जगात दोघांनाच माहीत होतं. एक तो स्वतः आणि दुसरी मी.

माझं नाव देवयानी. नौपाड्यातल्या आमच्या मधुवंती सोसायटीची मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. त्याआधी चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. थोडक्यात, लोकांना कामाला लावायची सवय हाडीमासी खिळलेली. माझा आवाज चढला की तिसऱ्या मजल्यावरचे लोकही गॅलरीतले कपडे आत घ्यायचे, असं माझ्या पाठीमागे बोलत. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

नाथा कोलशेतचा आगरी. त्याचे वडील, आबा, खाडीकाठच्या मिठागरावर होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि मातीच्या बांधांमधून एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवत न्यायचं, असं ते काम. आबा बांधावरून अनवाणी चालायचे आणि तळपायाला जरा जास्त ओल लागली की तिथेच बसून चिखल थापायचे. नाथाही लहानपणी त्यांच्या मागे मागे चालून तेच शिकला. पुढे मिठागर बंद झालं, शेतावर टॉवर उभे राहिले, भाऊबंदांनी मोठ्या गाड्या घेतल्या. नाथानं हे मशीन घेतलं. मढव्यांचा पोरगा गटारात उतरला म्हणून भावकी हसली. त्यावर तो मला एकदा म्हणाला होता, "पानी कुठं चाललंय ते मना उभ्या जागी कळतं, ताई. त्याचा कायतरी उपेग नको?"

खरोखरच त्याला ते कळायचं. आणि एका दिवशी मी त्याचं चालू दिलं नाही.

२०१८ साल. गणपतीला चार दिवस होते. आमची बिल्डिंग १९६६ची. मागच्या बोळातून जाणारी गटाराची लाइन त्याच काळातली, भाजक्या मातीच्या दोन-दोन फुटी पायपांची, सिमेंटनं सांधलेली. तिच्यापासून दोन हातांवर जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी. आज कुणी असं बांधणार नाही, पण तेव्हा जागा तेवढीच होती. ती लाइन तुंबली आणि तळमजल्यावर नीला आणि तिचे यजमान अण्णा यांच्या मोरीतून घाण पाणी वर आलं. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती. शिवाय त्यांची मुलगी समृद्धी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा लागलेला. डोहाळजेवण होऊन आठवडाही झाला नव्हता.

नाथाला मी फोन केला, तो दुपारी आला. त्यानं नळी सोडली आणि मशीनच्या दाबाचा काटा साठाच्या आसपास ठेवला. गाळ जरा हलला, पण पाणी उतरेना. त्यानं मशीन बंद केलं.

"ताई, मातीचा पाईप हाय. सांध्यांतून उंबराची मुळं आत गेलीत. जोरानं मारलं तर मुळं तुटतील, पन त्या मुळांनीच सांधा धरून ठेवलाय. आदी कॅमेरा घालून बगू. मी परवा घेऊन येतो."

"परवा नाही. आज."

"जुन्या पायपाला साठाच्या वर नेत नाय मी."

मी म्हणाले, "नाथा, मी सेक्रेटरी आहे. जबाबदारी माझी. जोर वाढव."

आयुष्यात मी हजार वेळा हे वाक्य बोलले असेन. जबाबदारी माझी. बोलायला काहीच लागत नाही.

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जोर वाढवला. काटा दीडशेवर गेला. नळी त्याच्या दोन्ही हातांत ताठ उभी होती आणि मग एकदम सैल पडली. नंतर तो मला म्हणाला, कुणीतरी पलीकडून नळी धरून होतं आणि त्यानं हात सोडला, असं वाटलं. पण तेव्हा आमचं लक्ष पाण्याकडे होतं. चेंबरमधलं पाणी गडगड करत खाली गेलं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या, आतून पेढ्यांचा डबा आणला. समृद्धी खिडकीत उभी होती, तिनंही तिथूनच टाळ्या वाजवल्या.

नाथा मात्र गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपाशी उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळानं आला. "ताई, वरनं जेवडं सोडतोय तेवडं खाली येत नाय. मदे कुटंतरी जिरतंय. खोदून बगायला पायजे."

"गणपती होऊ देत," मी म्हणाले.

गणपती झाले, तर पितृपक्ष लागला. कमिटीत सगळ्यांचं म्हणणं पडलं, पितृपक्षात खोदकाम काढायचं नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण चार म्हाताऱ्यांशी कोण वाद घालणार? पाणी तर तुंबत नव्हतं. नाथाचे दोन फोन येऊन गेले. मग नवरात्र आलं, तीन घरांत घट बसले. घट उठू देत, असं ठरलं. त्याचा तिसरा फोन आला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "गटार आमचं आहे ना? मग तुला कसली घाई झालीय?"

त्या सबंध काळात समृद्धी दुपारची माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर यायची, लिंबाचं लोणचं खायला. जड झाली होती, एकेका पायरीवर थांबत चढायची. माझ्याकडचं फिल्टरचं पाणी तिला नको असायचं. खाली जाऊन आईच्या माठातलं प्यायची. म्हणायची, "माहेरच्या पाण्याची चवच वेगळी असते, काकू."

नवरात्राच्या सातव्या माळेला नीलाला तिचे डोळे पिवळे दिसले. कावीळ म्हणजे आमच्याकडे लोक आठ दिवस झोपून बरे होतात. पण पोटुशा बाईला ती कावीळ झाली तर जीव घेऊ शकते, हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसून कळलं. चौथ्या दिवशी ती ओळखेनाशी झाली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी गेली. बाळही राहिलं नाही.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का? नीला म्हणाली, "हो, रस. तिला डोहाळे लागले होते उसाच्या रसाचे. गणपती उठल्यावर मी तिला खोपटला एसटी डेपोच्या बाहेर घेऊन गेले, चरकाच्या घुंगरांचा आवाज ऐकून तीच थांबली, मी तिला ग्लासभर रस पाजला." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कागदावर लिहिलं. अण्णा तिथेच उभे होते. ते नीलाला म्हणाले, "तूच नेलंस तिला."

अण्णा दुष्ट नव्हते. पुन्हा कधी ते तसं बोलले नाहीत. त्यानंतर ते तिच्याशी फारसं काहीच बोलले नाहीत.

बिल्डिंगमध्ये आणखी दोघांना कावीळ झाली होती, एक दुसऱ्या मजल्यावरचा एकटा राहणारा मुलगा आणि एक वॉचमन. मुलगा बाहेर जेवायचा, वॉचमन गावाला निघून गेला. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

दिवाळी झाली आणि नाथा न बोलावता आला. सोबत दोन माणसं आणि कुदळ. मागच्या बोळात त्यानं खोदलं. एक सांधा हाताचा पंजा जाईल एवढा उघडा पडला होता. उंबराची मुळं सुरीनं कापावीत तशी साफ कापली गेली होती. तिथून टाकीच्या भिंतीपर्यंतची माती काळी आणि चिकट झाली होती. नाथानं वरच्या चेंबरमध्ये तपासणीचा हिरवा रंग ओतला, टाकीचं झाकण काढलं आणि काठावर बसून आत टॉर्च धरला. मी शेजारी उभी होते. भर दुपार होती, शाळा सुटलेली, रस्त्यावर पोरांचा गोंगाट. तासाभरानं टाकीच्या आतल्या भिंतीवरून एक पोपटी रेघ उतरली आणि पाण्यात पसरली.

नाथा पाण्याकडे बघतच म्हणाला, "ताई, ती पोरगी."

मी म्हणाले, "आता सांगून ती परत येणार आहे का? नीला आधीच अर्धी झालीय. गप्प राहा. मला शब्द दे."

हे मी नीलासाठी बोलले नाही. मला पोलीस दिसत होते, सोसायटीची सभा दिसत होती, बारा घरांचे डोळे दिसत होते. मी घाबरले होते. नाथानं शब्द दिला. आम्ही लाइन बदलून प्लॅस्टिकचे पाईप घातले, टाकी उपसून घासून घेतली. बोर्डावर मी स्वतःच्या अक्षरात नोटीस लावली, "टाकीची नेहमीची सफाई". नेहमीची हा शब्द मी सहज लिहून टाकला.

आमचा पंप जुना आहे, पाणी थांबून थांबून ओढतो. संध्याकाळी तो लागला की पाणी भिंतीतल्या नळातून वर चढतं आणि मला जिन्यात समृद्धीची पावलं ऐकू येतात. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. मी शिकलेली बाई आहे, तो पंप आहे हे मला कळतं. तरी मी दार उघडून बघते. सात वर्षं रोज बघतेय.

नाथाचं निराळं. नळी हातात जरा सैल पडली की त्याचे दोन्ही तळहात बर्फ होतात, मग मशीन बंद करून तो जमिनीवर बसतो. जुन्या बिल्डिंगीत तो कॅमेरा घातल्याशिवाय नोझल आत सोडत नाही. मातीचा किंवा गंजलेला बिडाचा पाईप दिसला की काटा खाली ठेवतो, आणि चेंबरमध्ये जेवढं पाणी घालतो तेवढं खाली येतंय की नाही ते बादलीनं मोजतो. काम झालं की रंग टाकून पिण्याच्या टाकीच्या झाकणावर दोन-दोन तास बसून राहतो. बाकीचे मशीनवाले एका दिवसात तीन सोसायट्या उरकतात आणि त्याला वेडा म्हणतात. एकदा रस्त्यात दुसऱ्याचं मशीन भरजोरात चालू असलेलं बघून तो मध्ये घुसला आणि म्हणाला, "पाईप कधीचा हाय ते आदी इचार ना, बाबा." त्या लोकांनी त्याला ढकलून दिलं.

इकडे नीला खोपटच्या बाजूला पाय ठेवत नाही. कुठे लांबवरही घुंगरू वाजलं तरी उठून खिडकी लावते, मे महिन्यातसुद्धा. गेल्या वर्षी अण्णा गेले. दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते, मी रोज त्यांचा डबा नेत होते. नीला मला एकदा म्हणाली, "माझ्या हातचं पाणी घेताना अजून ग्लासाकडे बघतात." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यावेळी तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, चहा टाकते.

या मे महिन्यात नाथाची बायको सगुणा माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. तिची मुलगी दिशा डोंबिवलीला दिलीय. सातवा महिना लागलेला. आणि नाथा तिला बाळंतपणाला कोलशेतला आणू देत नव्हता.

"पयलटकरीन पोर, ताई. तिची सासू इचारते, तुमचं घर एवडं लहान हाय का? रोज सकाळी हा टाकीचं झाकन उगडून बसतो. चार येळा रंग टाकून झाला, काय निगाला नाय. तरी बोलतो, तिला तिकडंच राव दे. पोर फोनवर रडते, बाबाला मी नको झाले बोलते." सगुणानं डोळे पुसले. "मी त्याला इचारलं, तुना झालंय काय? तर बोलला, नौपाड्याच्या ताईंनी मना शब्दातनं सोडवलं तर सांगीन. तो तुमचा शब्द काय हाय तो मना ठाव नाय. पन सोडवा त्याला."

ती गेल्यावर बराच वेळ दाराला कडी न लावता तशीच उभी होते. मग नाथाला फोन केला आणि म्हटलं, उद्या अकरा वाजता ये, नीलाकडे जायचंय.

तो धुतलेला शर्ट घालून आला. नीला जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी समोर बसले, नाथा भिंतीला टेकून उभा राहिला. मी सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं, पितृपक्षासकट, नोटिशीसकट. नळी सैल पडली ते नाथानं सांगितलं, तिसरा फोनही त्यानंच सांगितला. नीला पानं खुडत होती. टाकीतल्या हिरव्या रेघेपाशी तिचे हात थांबले.

"कधी कळलं हे तुला?"

"त्याच वर्षी. दिवाळीनंतर."

"अण्णा गेल्या वर्षी गेले."

"हो."

"तू त्यांचा डबा आणायचीस."

तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. पेपरवरची मेथी बाजूला सारून ती म्हणाली, "देवयानी, तू ऊठ इथून." मी उठले. दारापर्यंत गेले आणि चपलेत पाय सरकेना म्हणून उंबऱ्याशीच थांबले. माझ्यामागे ती नाथाशी बोलत होती.

"तुम्हाला कळत होतं ना? जोर तुमच्या हातात होता."

"व्हय, वैनी. माज्याच हातात होता."

नाथाला रडू फुटलेलं मला ऐकू येत होतं. त्यानं दिशाचं सांगितलं, तुटक तुटक, शब्द सापडतील तसं.

नीला म्हणाली, "तिला आणा घरी. आजच जा. पोरीला असं वाटू देऊ नका."

नाथा हो म्हणाला. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे तो रस चांगला होता?"

"रसानं कायच झालं नाय, वैनी."

"फार आवडला होता तिला," नीला म्हणाली. "दुसरा ग्लास मागत होती. मी घेऊ दिला नाही. म्हटलं, बाधेल."